दीड तास, उद्यमनगर

मोटर खोलून मुबारक मिस्त्री म्हणाला,
"बेअरिंग गेलंय वैनी. दीड तास तरी जाईल.
बसा, न्हाईतर या फिरून."
उद्यमनगरात कुठं फिरायचं?
ह्या अंगाला लेथ, त्या अंगाला लेथ,
मधे लोखंडाच्या कुरळ्या चुऱ्याचा ढीग
आणि चहाच्या गाड्यावर सगळे बाप्ये.

समोर बिडाचा जुना कारखाना,
भट्टी विझून बरीच वर्षं झालेला.
आता त्याला पांढरा रंग, काचेचं दार,
दारावर पाटी, समकालीन कला संग्रहालय, प्रवेश मोफत.
'मोफत' वाचलं आणि गेले. खोटं कशाला सांगू,
आत गार असेल असंही वाटलं.

पहिल्या खोलीत छताला टांगलेले
अकरा टेलिफोनचे रिसीव्हर.
एक वाजला. मी धरला.
"हॅलो," म्हटलं, "कोण बोलतंय?"
पलीकडं कुणी नुसता श्वास घेत होतं.
दोनदा विचारलं, मग ठेवायला गेले
तर ठेवायला जागाच नव्हती.
तसाच लोंबता सोडून आले.

दुसरी खोली दाराबाहेरच ओळखली. वासानं.
ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पीठ,
बोटभर जाड, चाळून पसरलेलं,
वर कुणाकुणाची पावलं.
मृण्मयी मगदूम, असं गळ्यातल्या कार्डावर लिहिलेली पोरगी म्हणाली,
"चालायचं त्याच्यावरनं, काकू. लोक चालले की मगच ते पूर्ण होतं."

एकवीस वर्षं गिरणी चालवतेय मी, पाचगावात.
भुवया, पापण्या, रेडिओ, गणपतीचा फोटो, सगळं पांढरं.
रोज सांजच्याला माझीच पावलं झाडून काढते.
पण ते पीठ सांडलेलं असतं.
हे अंथरलेलं.
सांडलेल्यावर पाय पडतो,
अंथरलेल्यावर द्यावा लागतो.

खाली बसले. चिमटीत घेऊन अंगठ्यावर चोळलं.
तांदूळ. जुना. दोन फेऱ्या दळलेला,
आणि दुसऱ्या फेरीला दगड तापला होता.
टाकी लावायला झालेली असणार त्या गिरणीची.
"हात लावायचा नसतो," पोरगी म्हणाली.
पाय चालतो, हात चालत नाही.
मला आजवर सगळ्यांनी उलटंच शिकवलेलं.

नाव काय म्हटलं ह्याचं?
'अनुपस्थिती - ३'.
"मग एक आणि दोन?"
"ते परदेशात आहेत."

मग ते पाऊल दिसलं.
एवढंसं, अनवाणी, बोटं फाकलेली,
खोलीच्या मध्यापर्यंत गेलेलं
आणि तिथनं परत न आलेलं.
शेजारी मोठ्या बुटांचे ठसे होते.
उचललं असेल कुणीतरी, दुसरं काय.
तरी मी बराच वेळ परतीचं पाऊल शोधत राहिले.

चपला काढल्या. पिठाला हात लावून कपाळाला लावला,
पोरगीनं ह्या खेपेला काही म्हटलं नाही.
आणि गेले, त्या पोराच्या मागं मागं.

गार होतं.
माझ्याकडचं पीठ नेहमी गरम,
पोटाशी डबा धरला तर उतरतं अंगात.
गार पिठावर जन्मात पहिल्यांदा उभी राहिले.
पट्टा नाही, "माझं झालं का हो" नाही,
कानाला धरायला काही सापडेना.
किती वेळ, ते मुबारकला विचारा.

निघताना वहीत अभिप्राय लिहायला सांगितलं.
लिहिलं, 'पीठ जळकं आहे.
प्रदर्शन संपलं की फोन करा, शेजारी म्हशी आहेत.
पोराचं पाऊल तेवढं झाडू नका.
शालन चौगले.' खाली नंबर.

रस्ता चटकला तेव्हा कळलं, चपला हातातच आहेत.
"कुठं होता वैनी?"
"पीठ बघायला."
मुबारक असा हसला की पान्हा खाली ठेवला.
"घरात कमी पडलं व्हय?"

पैसे मोजत होते तर त्याचं पोरगं झाडू घेऊन उभं.
दारापासून मोटरपर्यंत
काळ्या तेलकट फरशीवर पांढरी पावलं, माझी.
ग्रीसवर बसलेलं पीठ झाडूनं निघत नाही,
सांगितलं त्याला.
राहू दे, म्हटलं.