हाव

तक्त्यात दोनशे चौदा आवाज.
रेशन मिळालं का, एवढंच विचारायला
यंत्राने स्वतःच फोन लावले होते
पाचपावलीत, गोळीबार चौकात, नाईक तलावाच्या गल्ल्यांत,
आणि लोकांनी उत्तर दिलं होतं
जसं इकडे देतात :
हाव.

यंत्र पुस्तकी मराठीवर पोसलेलं.
त्याच्या लेखी हाव म्हणजे लोभ, हव्यास,
पोट भरल्यावरही पुढे येणारा हात.
एकशे सदतीस नावांपुढे त्याने लाल ठिपका दिला
आणि शेरा मारला, अगदी सभ्य भाषेत :
गरजेहून अधिक मागणी. पडताळणीपर्यंत थांबवावे.

माझं काम त्यानंतरचं.
लोकांचा यंत्रावर किती विश्वास आहे ते मोजायचं,
एक ते पाच.

मे महिना. सेहेचाळीस अंश.
डोळे सोडून सगळं दुपट्ट्यात गुंडाळून
मी अनसूया हेडाऊंच्या दाराशी स्कूटी लावली.
माग कधीच विकलेला.
जिथे पाय सोडून विणायच्या
त्या खड्ड्यात आता कांदे.
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास
आणि कांद्यांचा.

मी सांगितलं : बाई, तुम्ही हो म्हणालात,
यंत्राला ऐकू आलं की तुम्ही लोभी आहात.
त्या एवढ्या हसल्या की पदर तोंडात धरावा लागला.
“मंग खोटं काय हाय जी त्यात?
तीन महिने तांदूळ नाही भेटला
त कोनाले हाव नाही सुटनार?”
मग हसू थांबलं.
“त्याले कोनी सांगतलं काय पन?”
कोणाला?
“त्या बोलनाऱ्याले.”

मी वही उघडली. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

सात वर्षांपूर्वी धरमपेठेतली एक खोली :
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, पंखा बंद,
तासाला दीडशे रुपये.
मी सहाशे वाक्यं वाचली होती.
होय, मला धान्य मिळाले.
होय, माझा पत्ता बरोबर आहे.
होय, मी समाधानी आहे.
चारशेच्या आसपास, घसा सुकल्यावर,
एकदा निघून गेलं तोंडातून. हाव.
काचेपलीकडचा मुलगा म्हणाला,
पुन्हा घेऊ ना? जरा शुद्ध.
मी पुन्हा घेतलं.
शुद्ध.

त्या पैशांतून चष्मा घेतला होता,
तो अजून आहे, त्याच चष्म्यातून
काल रात्री अहवालात लिहिलं :
‘प्रशिक्षणासाठी वापरलेल्या आवाजांत
स्थानिक बोलीचे प्रमाण अपुरे.’
वाक्य खरं आहे.
त्यात मी कुठेच नाही.

बाई, एक ते पाच.
पाच म्हणजे पूर्ण विश्वास.

“आकडा कायले?
आमचा दुकानवाला काटा मारते. मले ठाऊक हाय.
पन त्याचं घर बी ठाऊक हाय.
दिवाळीच्या आधी जाऊन भांडून आली मी,
त्याच्या बायकोसमोर.
अर्धा किलो परत देल्ला त्यानं.
याचं घर कुठी हाय?”

मला माहीत नव्हतं.
परिशिष्टात एक ईमेल होता
आणि उत्तरासाठी कामाचे पंधरा दिवस.

म्हणजे एक लिहू?
“थांब. उन्हातून आली, पोहे खाशीन?”

आणि माझ्या तोंडून,
पुण्यातली सहा वर्षं, ती खोली,
सगळं बाजूला सारत, आलं ते :
हाव.

मांडीवरचा फोन बोललेलं टिपून घेत होता.
त्याने काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.
आकड्याची चौकट रिकामीच होती.
पोह्यांवर तर्री ओतता ओतता
त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं,
“इथचीच होय काय वं तू?”