कुठे तुटावं

मेरेआनाने रीळ आणलं ते लोकरी मोज्यात गुंडाळून.
होउहोराच्या धक्क्यावर माझं दुकान,
निम्मं बोटींच्या पंपांचं, निम्मं असल्या मोज्यांचं.
"बापाने यावर जन्मभर स्नॅपर धरले," ती म्हणाली.
"मला हाकू हवाय. खडकावरून. तीस किलोचा."
वाण्याला पिठाचं वजन सांगावं तसं.

मी मूठ फिरवली.
घासात खडा आल्यासारखा आवाज झाला.

सहा स्क्रू. पाच निघाले.
सहावा मीठ होऊन बसलेला.
त्याला तापवलं, चुचकारलं, शिवी दिली,
शेवटी भोक पाडून काढला.
बाजूची पाटी सुटली,
आत पन्नास वर्षांचं ग्रीस, गुळाच्या काकवीसारखं,
आणि त्यात कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा,
जशाचा तसा.

चिंधी घासलेटात बुडवून मी थांबलो.
"पूस," ती म्हणाली, "अंगठा आहे माझ्याकडे,"
आणि स्वतःचा वर केला.
रुंद, बोथट. तोच.

ब्रेकच्या चकत्या चामड्याच्या, वाळून खापर झालेल्या.
त्या जागी कार्बनच्या घातल्या,
काळ्या, गोणपाटासारख्या विणलेल्या.
दोरा ताणकाट्याला बांधून ओढला:
चार किलोला सुटणारं रीळ अकराला हलेना.
आम्ही दोघं हसलो.
तेवढ्यात आत काहीतरी टक् म्हणालं.

पितळी चाकाचे तीन दाते.

स्टीलचं चाक ऑकलंडहून यायला नऊ दिवस.
ते बसलं, तर ज्या नळीवर ते फिरतं ती पिळवटली.
नळी बदलली,
तर उलट फिरू न देणारा खटका झिजला.
एकाचे दोन खटके केले,
तर दोऱ्याचं जुनं प्लास्टिकचं फिरकं उभं चिरलं.
ॲल्युमिनियमचं घातलं.
मग चौकट कुरकुरली:
नाकापेक्षा मोती जड झाला होता.

मला वाटायचं मी बळ भरतोय.
कमजोरी नुसती बिऱ्हाड हलवत होती,
या खोलीतून त्या खोलीत,
आणि मी पाना घेऊन तिच्या मागे.

चौकटीला कांबी दिल्या. लांब मूठ दिली.
मग काठी, मग काठीवरची रिळाची बैठक,
आणि मग मी मेरेआनाकडे पाहिलं.
मनगट.
कारखान्यात क्रेफिशच्या पेट्या उचलून
एकदा टाके पडलेला उजवा खांदा.
गुडघे. पायाखालचं शेवाळ.
तीही तेच मोजत असावी.
"सगळं इतकं पक्कं केलंस,
तर शेवटी मीच उरते तुटायला."

चहा गार होईपर्यंत आम्ही ठरवत बसलो
कुठे तुटावं.
दात्यांत नको, नऊ दिवस लागतात.
काठी नको, ती भाच्याची.
खांद्याला तर रांगच लावावी लागते, कायतायाला जाऊन.
मग तिने मोज्यात परत हात घातला
आणि बापाच्याच वेळची नायलॉनची गुंडी काढली,
पिवळी पडलेली, चौदा किलोची असं वर लिहिलेलं,
आता किती ते देव जाणे.
गळाच्या अलीकडे हातभर. बस्स.

गाठ तिनेच मारली, थुंकीने ओली करून.

मार्चअखेर आली. रीळ काउंटरवर, गोड्या पाण्याने धुतलेलं.
"किती?"
"पाठ दिसली फक्त. आणि पिवळं शेपूट.
दोनशे मीटर घेऊन गेला, ब्रेक नुसता गात होता,
मग कड्याच्या कोपऱ्याला वळला
आणि मी चांदणी एक घर आवळली."
"मग?"
"जिथे सांगितलं होतं तिथेच."

असं म्हणाली, की मासा बाहेर गाडीत असावा.
मी पाटी उघडून बघायला लागलो,
दाते सगळे जागेवर, ग्रीस स्वच्छ.
ती खांदा गोल गोल फिरवून बघत होती,
एकदा पुढे, एकदा मागे,
कान देऊन.

"या वेळी तिथे वीसचं लावू," ती म्हणाली.