लाल खडू

शिरोलीच्या फाउंड्रीत मी दिवसभर भोकं शोधते.
पंपाच्या हाउसिंगवर बोट फिरवायचं,
मोहरीएवढं जरी छिद्र लागलं
तरी लाल खडूनं फुली.

संध्याकाळी उद्यमनगरात, शिकलगारांच्या गच्चीवर.
मेहबूबचाचा पॅटर्नमेकर होते, आता घरीच असतात.
आठ इंची आरसा त्यांनी स्वतः घासलाय,
एक अख्खा पावसाळा, पिंपाभोवती फिरत फिरत.
"डोळा लाव. नळीला हात लावू नको."

अष्टमीचा चंद्र.
जिथं उजेड संपतो त्या कडेला
भोकांवर भोकं.
माझ्या तोंडून निघालंच,
"ह्यो तर सगळा लॉट रिजेक्ट."

चाचा हसले नाहीत.
"ब्लोहोल आतल्या वाफेनं पडतंय, पोरी.
हे बाहेरचे दणके हैत.
काठ बघ कसा उचललाय. मधला उंचवटा दिसला?
तळ्यात धोंडा टाकल्यावर पाणी उसळतं
तसा खडक उसळला,
आणि खाली बसायच्या आत थिजला."

काळे डाग म्हणजे मागाहून भरलेला रस.
आपल्याच जातीचा दगड तो,
रंकाळ्याच्या खाणीत निघायचा तसला.

मग ते बाकीच्यांचं सांगत बसले,
जणू शेजारच्या शेडमधली कामं.
बुध असाच, भोकांनी भरलेला,
पण निवताना आक्रसला,
अंगावर शेकडो मैलांच्या कड्यांच्या सुरकुत्या
(हे मला न सांगता कळलं: श्रिंकेज).
मंगळावर वाळलेल्या नद्यांच्या रेघा.
गुरूजवळचे चार चंद्र मला दाखवले,
नुसते दाणे, साबुदाण्याचे.
त्यातल्या आतल्याची भट्टी कधी बंदच होत नाही,
गंधकानं पिवळा, सारखा नवा लेप,
दणक्याचं एक भोक शिल्लक नाही.
त्याच्या पुढचा बर्फाचा, नुसते तडे.
आणि सगळ्यात बाहेरच्यावर
खड्ड्याला टेकून खड्डा, सुई ठेवायला जागा नाही.
"तिथं कुणी भट्टी नीट पेटवलीच न्हाई.
पडलं ते राहिलं."

"आणि आपली?"

"आपल्याला काय कमी बसलेत व्हय?
पण हितं फेटलिंगवाले कामाला हैत.
वारं, पाणी, झाडांची मुळं. तिन्ही शिफ्ट."

खाली कुठंतरी ग्राइंडर चालू होता.
मी मनगट वळवून बघितलं.
दोन वर्षांपूर्वी उडालेल्या रसाचा डाग,
वाटाण्याएवढा, काठ उचललेला.
बाकीचं कातडं
कधीच सगळं विसरून गेलंय.

सकाळी पहिलंच हाउसिंग. फ्लँजजवळ भोक.
खडू हातात धरून मी जरा थांबले.
पवळे सुपरवायझर म्हणाले, काय झालं?
काही नाही, म्हटलं,
आणि फुली मारली.

चंद्राला
पाणी अडवून धरायचं नसतं.