सरस

तीन उन्हाळे माळ्यावर वाळली धामण.
दापोडीला, एसटीच्या वर्कशॉपमध्ये, एकतीस वर्षं
मी खिडक्यांच्या चौकटी बसवल्या.
लाकूड कुठे वाकेल, कुठे अडून बसेल,
अंगठ्याला कळतं.
पण त्याला वरून पाठ चढवायची
हे आयुष्यात केलं नव्हतं.

खडकी बाजारात हमीद कुरेशी म्हणाला,
"म्हशीच्या मागच्या पायाच्या? घेऊन जा.
कुत्रीसुद्धा तासभर चावून सोडून देतात."
पैसे घेतले नाहीत. कशाला, तेही विचारलं नाही.

गच्चीत वाळून त्या राळेसारख्या पिवळ्या झाल्या.
जुन्या वरवंट्याने ठेचल्या
(नव्याला हात लावला असता तर जिन्यात झोपलो असतो).
ठेचता ठेचता कंडरा पांढरी पडते,
मग तिचे दोरे, दोऱ्यांचे केस,
केसांचेही केस.
माझ्या डाव्या टाचेतली एक तुटलेली, शिवलेली.
"काका, माणूस हिच्यावर उभा असतो,"
ससूनमधला पोरगा डॉक्टर म्हणाला होता.
प्रत्येक घावाला मी टाच आत ओढत होतो.

सरस ऊन हवा, उकळता नको.
बोट बुडवून पाचपर्यंत मोजता आलं पाहिजे.
मंदाने नाकाला पदर लावला.
"याला सरस म्हणतात?
मग नीरस कशाला म्हणतात?"

लाकडाची पाठ राखेच्या पाण्याने धुतली.
त्यानंतर स्पर्श नाही.
बोटाचं तेल राहिलं की सरस नेमका तिथेच दगा देतो.
एकेक जुडी बुडवायची, दोन बोटांत निथळायची,
मुठीपासून टोकाकडे निजवायची,
भिंतीतल्या विटांसारखी, सांध्यावर सांधा येऊ न देता.
मग विंचरायची.
कंगवा निळा, दोन दात पडलेला, शाळेतल्या अश्लेषाचा.
मंदा सकाळपाळीला असायची, तेव्हा वेण्या मीच घालायचो.
हात विसरले नव्हते.

मग काहीच करायचं नाही.
कार्तिक. मार्गशीर्ष. पौष.
वाळते तसतशी पाठ आखडते, लाकडाला मागे ओढते.
एका सकाळी पाहिलं तर धनुष्य उलटं वळलेलं,
दोरी जिकडे यायची, तिकडे पाठ करून.
बळ असं येतं तर.
आधी नाही म्हणायला शिकतं.

काचेच्या तुकड्याने खरवडलं,
टोकांना रेशीम गुंडाळलं,
चपड्याचे तीन हात दिले,
आषाढात सरस सुटायला नको म्हणून.

हमीद रविवारी दुकान बंद करून आला.
"बघू, माझ्या कचऱ्याचं काय केलंत."
पाठीवरून अंगठा फिरवला.
"मागचीच आहे," म्हणाला, जशी ओळख पटावी.

दोरी चढवायला दोघं लागलो.
त्याने ओढलं, हनुवटीच्या अलीकडे थांबला.
मी कान लावलेला. कुठे तडकलं नाही.
बाण अजून केलेच नव्हते,
आणि रिकामं सोडलं तर धनुष्य मोडतं.
म्हणून ओढलं तितक्याच सावकाश
त्याने ते परत आणलं.

मी चवड्यांवर उभा होतो,
हे नंतर लक्षात आलं.