हिरवं तेवढं काढ

साखर पेठ. मागाच्या शेडवर एक खोली.
अंबादास येमूलनं चादरीच्या रंगाऱ्याकडून
बारा हात कापड रंगवून आणलं.
"एकदम पोपटी बे, एक डाग नाही."
त्यापुढं नाचली रत्नमाला,
मे महिन्यात, दुपारी चारला,
पंखा बंद करून. पदर उडतो म्हणून.

रात्री मी कॉम्प्युटरला सांगितलं,
हिरवं तेवढं काढ.
गुणी पोरासारखं काढलं त्यानं.
पडदा गेला.
तिच्या हातांतला चुडाही गेला.
मनगटं कापल्यासारखी,
तळवे वेगळेच, हवेत, मुद्रा धरून,
आणि मधल्या फटीतून
मी बनवलेला निळा चंद्र.

लग्नाला अकराच दिवस झालेत तिच्या.
काढून ठेव, असं कोण म्हणणार होतं?
बांगडी फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं.
यानं तर डझनानं वाढवल्या
एका बटणात.

मग बसलो कासारासारखा.
चाळीस सेकंद, म्हणजे हजार चौकटी.
एकेका चौकटीत तिचा हात धरायचा
आणि दुखू न देता
काच परत चढवायची.
पहाटे तीनला लाइट गेली,
सहाशे बारावर.

चुडा भरला. सावलीही दिली तिला,
आमच्या उन्हाची नाही, चंद्राच्या बाजूची.
तरी पाय टेकेनात.
राजवाडा माझा ढिम्म, संगमरवरी,
आणि ती थरथरतेय. बारीक. सतत.

खाली सोळा माग चालू होते ना शूटिंगला.
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
स्लॅबवर कॅमेरा.
माग बंद ठेवला तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार?

थरथर पुसायचंही बटण असतं.
दाबलं.
ती गुळगुळीत झाली, साबणाच्या जाहिरातीतली.
परत आणली.

मग उलटं केलं.
तिची थरथर मोजली चौकटीगणिक
आणि राजवाड्याला दिली.
खांब हलले, कारंजं हललं,
चंद्रसुद्धा जागच्या जागी.
तेव्हा कुठं टाच फरशीला लागली.

अंबादास बघायला आला, हातात चहा.
"हे काय बे? भूकंप?"
मग गप्प झाला.
डोळे बारीक करून
चंद्राकडंच बघत राहिला.
"पुन्हा लाव."
लावलं.
"हा आपला सात नंबर. बोल्ट ढिला झालाय त्याचा.
सकाळी आवळायला सांगतो."