चौथं चंचुपात्र

नॉर्थविचच्या शाळेत सोमवारी सकाळी साडेसातला
मी बटाट्यांना भोकं पाडते.
बुचं कोरायच्या पितळी नळीनं काढलेल्या कांड्या,
साल नको, प्रत्येक तीन सेंटिमीटर,
टिपकागदावर लोळवून कोरड्या.
सहा बीकर. ओठांवर अजून
सातवीतलं चंचुपात्र येतं,
ते मी गिळते.

पहिल्यात नुसतं पाणी.
सहाव्यात साखर इतकी, की ढवळताना काडी जड लागते.
मधल्या चारांत चढती.
हुद्दा टेक्निशियन: म्हणजे जिनं आधी येऊन सगळं मांडायचं
आणि मागे राहून सगळं धुवायचं.

हे गाव मिठावर उभं आहे. तसं नीट उभं नाहीच.
खाली मिठाचे थर, त्यांत पाणी शिरलं,
लोकांनी ते खारं पाणी उपसून विकलं
आणि घरं उंबऱ्यासकट खाली बसली.
मग लाकडी चौकटीची बांधली,
खचलं की जॅक लावून वर उचलायचं.
त्या रस्त्यानं जाताना मी
अजून जरा हलक्या पावलानं चालते.

मंगळवारी वजनं.
पहिल्यातली कांडी फुगून ताठ,
टिचकी मारली तर वाजेल.
पाणी शिरत राहिलं, शिरत राहिलं,
शेवटी पेशीच्या भिंतीनं दम दिला: बास.
सहाव्यातली दोन बोटांत धरली
तर मान टाकते, तेल संपलेल्या वातीसारखी.

आई काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावायची
ते ताटं मांडून झाल्यावर.
आधी घातलंस तर पाणी सुटेल गं.
पुस्तकात याला परासरण म्हणतात.
तिला सांगितलं असतं तर दचकून म्हणाली असती,
"सरण? कुणाचं?"

कुमुदताई मिरजेला नर्स होती.
मी एकदा विचारलं, सलाइन कशाला,
साधं उकळलेलं पाणी का नाही सोडत शिरेत?
"वेडी का तू?
भिंत बटाट्याला असते. रक्ताच्या पेशीला नुसता पदर.
पाणी भरत जातं आणि टरकन फाटतो,
एकीचा, दुसरीचा, लाखोंचा,
आणि पेशंट फक्त म्हणतो, थंडी वाजतेय."

"माझं चुकलं," टेगन प्रॉबर्ट म्हणते.
चौथं बीकर. आधी दोन पूर्णांक एक्केचाळीस ग्रॅम,
नंतरही दोन पूर्णांक एक्केचाळीस.
"सगळ्यांचं काहीतरी झालं. माझं काही झालंच नाही."
खोडरबर हातात. चव्वेचाळीस लिहायच्या बेतात.

मिसेस ओलरेनशॉ खिडकीपाशी दुसऱ्या कुणाला आलेख शिकवतायत.
शिकवणं माझं काम नाही.
"पुसू नकोस," मी म्हणते.
"रात्रभर जात होतं आणि येत होतं.
जेवढं गेलं तेवढं आलं.
तराजूला येरझार दिसत नाही."

ती कांडीकडे बघते.
कांडी बटाट्याच्या कांडीसारखीच दिसते.
"म्हणजे आत्तासुद्धा?"
"आत्तासुद्धा."
ती खोडरबर खाली ठेवते, पण पटलेलं नसतं,
एक्केचाळीसपुढे बारीकसं प्रश्नचिन्ह काढते.
ते मी पुसत नाही.

साडेपाचला कांड्या कचऱ्यात,
सहा बीकर पालथे फडक्यावर.
वीव्हर नदीवर धुकं, बसथांब्यावर मी एकटी.
फोन वाजतो. मिरजेत आता झोपायची वेळ.

"काय झालं गं आज?"
"काही नाही. तुझ्याकडे?"
"काही नाही."

दोन बस सोडल्या.