सोपी वाट

पत्रकात तिला सोपी म्हटलंय.
साडेतीन मैल, चढ बेताचे, कुत्री चालतील,
दोन्ही टोकांना बसचा थांबा.
टोकांचं काहीही विचारा मला.
चॅपेलपाशी वळण आंधळं आहे,
पोर्थ मेलिनच्या उतारावर ब्रेक आधीच दाबायचा,
आणि दुधाचा टँकर समोर आला
तर त्याला मागे सरायला सांगायचं नाही,
आपणच सरायचं.

मधलं मला माहीत नाही.

एकोणीस वर्षं मी माणसं एका टोकाला सोडते
नि दुसऱ्या टोकाला उचलते.
मधे त्यांचं काय झालं ते बुटांवरून ओळखायचं.
लाल चिखल म्हणजे ओढ्यावरची फळी पुन्हा वाहून गेली.
मोज्यात गॉर्सचे काटे म्हणजे कुणीतरी वाट सोडून
फोटो काढायला गेलं होतं,
नाहीतर लघवीला.
सप्टेंबरात सगळे कुजबुजतच बसमध्ये चढतात,
जशी काही सीलची पिल्लं
माझ्या मागच्या सीटवरच झोपलीत.

आमच्याकडे हात केला की बस थांबते,
थांबा असो नसो.
झुडपांच्या कुंपणातून हात दिसला की पुरे.
एकदा तर नुसती काठीच बाहेर आली,
आणि काठीमागून इदवल प्रिचर्ड.

तेव्हापासून दर गुरुवारी, दहा पाचची बस.
उभा जन्म गावोगावच्या चॅपेलांतले ऑर्गन दुरुस्त करण्यात गेलेला,
डावा गुडघा नवा, उजवा मूळचा.
"अकरा फाटकं आहेत," म्हणाला, "सोपी म्हणे!
पत्रक लिहिणाऱ्याचे गुडघे तिशीतले असणार."
पहिल्या वर्षी त्याला दोन तास लागायचे,
मग सव्वादोन,
मग मीच पोर्थ मेलिनचं वळण
जरा सावकाश घ्यायला लागले.
हे कुणी कुणाला सांगितलं नाही.

मार्चमधल्या एका गुरुवारी तो थांब्यावर नव्हता.
बारा बेचाळीस.
मी इंजिन बंद केलं.
मागे दोन जर्मन मुली, एक ओला कुत्रा,
आणि गोठवलेल्या मटारची पिशवी मांडीवर घेऊन मिसेस पॅरी.
बारा एकोणपन्नास.
आरशात कुंपण, कुंपणातली फट,
फटीत करड्या समुद्राचा चतकोर.
बारा पंचावन्नला मिसेस पॅरी म्हणाल्या,
"वितळू देत मटार."

एकवर पाच मिनिटं झाली तेव्हा काठी आली.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग इदवल, हात कोपरापर्यंत तेलकट.
"सातव्या फाटकाची बिजागरी," म्हणाला,
"किती महिने झाले, अर्धा सूर खाली रडत होती.
तुला कसं सहन होतं गं, नेरिस?"
"मी गेलेच नाही कधी तिथे," म्हटलं.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं एखाद्या ऑर्गनकडे पाहत असेल
ज्याची अर्धी पट्टी कुणी वाजवलीच नाही.

एकोणीस वर्षं, खरंच,
मी वाट फक्त पाहिली होती.

म्हणून आज, सुटीच्या दिवशी,
ह्यूच्या बसमध्ये तिसऱ्या सीटवर.
प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय
नसलेला ब्रेक दाबत होता.
चॅपेलपाशी उतरले. सुटे पैसे मोजून दिले,
ह्यू हसला.

समुद्र डावीकडे. एवढंच ठाऊक होतं.
एवढा आवाज करतो हे नव्हतं ठाऊक.
लाल चोचीचे दोन कावळे कड्याच्या पोटातून वर आले
आणि मला बघून पुन्हा खाली पडले,
मुद्दाम, खेळल्यासारखे.
तिसरं फाटक. पाचवं.
सातवं मी उघडलं, मिटलं, परत उघडलं.
आवाज नाही.
तळहाताला थोडं तेल लागलं.

तिथून रस्ता दिसतो, खाली, दोरीएवढा,
आणि त्यावर माझी बस,
मी इतकी लहान वस्तू चालवते?
काच एकदा चमकली.
बारा एकोणचाळीस असणार,
ह्यू वेळेच्या पुढेच पळवतो.
मी हात केला.
इतक्या लांबून कुणाला दिसणार!
तरी वरच ठेवला थोडा वेळ.

पुढची बस तीन दहाला.
वेळापत्रक तोंडपाठ आहे माझं.
बूट काढून बघितले:
लाल चिखल.
फळी पुन्हा गेलीय वाटतं.